नोरीनच्या हातचे सुट्टे

नोरीन थ्रेलफॉलने जन्मात दोनच नोकऱ्या केल्या. पहिली इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडच्या धक्क्यावर, मासे साफ करायची. सोळाव्या वर्षी हातात सुरी घेतली ती बोटी येईनाशा होईपर्यंत खाली ठेवली नाही. दुसरी ऑर्मरॉडच्या लाँड्रीत. ट्रामच्या रस्त्यामागच्या गल्लीत आठ धुण्याची मशीनं, पाच ड्रायर, भिंतीला लागून एक लाकडी बाक आणि कोपऱ्यातल्या काउंटरमागे नोरीन. साबणाची पावडर विकायची, नोटांचे सुट्टे द्यायचे, आणि ज्यांना बसायला वेळ नाही किंवा अंगात ताकद नाही त्यांचे कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवायचे. नवरा एका लॉरीवाल्याच्या बायकोबरोबर निघून गेला, मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली, तरी नोरीन सकाळी आठला शटर वर करायला हजर. गावात तिची ख्याती एकच होती, की नोरीनकडे टाकलेला मोजासुद्धा जोडीनेच परत येतो.

म्हातारा ऑर्मरॉड वारला आणि दुकान त्याच्या मुलाकडे, क्लाइवकडे आलं. क्लाइवला तिने शाळेच्या अर्ध्या चड्डीत पाहिलं होतं. त्याने धुण्याच्या मशीनांना नवी, हुशार नाणेपेटी बसवली. खोटं नाणं टाकलं की ती खालून थुंकायची. ड्रायर मात्र जुनेच ठेवले. ते बापाच्या वेळचे, गोल दिसेल ते गिळणारे. त्या वर्षी पौंडाची खोटी नाणी इतकी झाली होती, की तीस नाणी हातात घेतली तर त्यातलं एक खोटं निघायचं. गावाला हे कळायला वेळ लागला नाही. ओले कपडे ड्रायरमध्ये टाकायचे आणि घरात पडलेलं नको ते नाणं आत ढकलून मोकळं व्हायचं.

एका शुक्रवारी क्लाइव ड्रायरच्या पेट्या रिकाम्या करून मागच्या खोलीत बसला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक छोटी पिशवी होती.

"अकरा," तो म्हणाला. "एका आठवड्यात अकरा! हे बघ, राणीचं डोकं एकीकडे आणि मागचं चित्र तिसरीकडे. कडेवरची अक्षरं तर पोराने खिळ्याने कोरल्यासारखी."

"मग बँकेत दे."

"बँक ठेवून घेते, बदली एक पेनी देत नाही. अकरा पौंड दर आठवड्याला समुद्रात फेकू होय?" त्याने पिशवी तिच्या सुट्ट्यांच्या डब्यात उलटी केली. "गिऱ्हाइकांनीच दिली, गिऱ्हाइकांकडेच जाऊ देत."

"क्लाइव, तुझ्या वडलांनी असलं कधी केलं नसतं."

"माझ्या वडलांच्या वेळी वीज फुकटात होती. हे बघ नोरीन, कुणी कटकट केली तर बदलून दे. पण शुक्रवारी डब्यात जी उरतील ती तुझी. तुझ्या पगारातले तेवढे पौंड म्हणून धरीन."

तिचा पगार म्हणजे तासाला सहा पौंड आणि वर चिल्लर. अकरा पौंड म्हणजे जवळजवळ दोन तास उभं राहणं. घरच्या विजेच्या मीटरमध्ये आधी पैसे भरावे लागत, तेव्हा कुठे दिवा लागे. थंडीत ती कोट घालूनच टीव्ही बघायची. तिने डब्याचं झाकण लावलं.

पहिले काही आठवडे तिने ती नाणी येईल त्याच्या हातात मिसळून दिली. पण लोक आंधळे नव्हते आणि मशीन तर मुळीच नव्हतं. दहा मिनिटांत गिऱ्हाईक काउंटरशी परत. "नोरीनबाई, हे काय दिलंत? चॉकलेटच्या नाण्याचा कागद काढायचा राहिला वाटतं!" बाकावरचे हसायचे, नोरीनही हसायची, नाणं बदलून द्यायची, आणि शुक्रवार जवळ आला की डब्यातली खोटी नाणी पुन्हा पुन्हा मोजायची.

विल्फ कार्टमेल दर दुसऱ्या गुरुवारी यायचा. वय ऐंशीच्या घरात, जुना खलाशी, मासेमारीच्या ट्रॉलरवर आयुष्य गेलेला. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पडला होता. कडेकडेचं तेवढं दिसायचं, म्हणून बोलताना तो माणसाच्या कानाकडे बघत असल्यासारखा वाटायचा. कपड्यांची पिशवी काउंटरवर ठेवायची, वीसची नोट द्यायची. धुण्याचे नऊ पौंड, परत अकरा. ते अकरा त्याला नाण्यांतच हवे असायचे.

"नोट नको गं पोरी. नोट खर्च होते. नाणी बरणीत जातात."

"एवढी साठवून करणार काय, विल्फ? बायको आणणार आहात की काय नवी?"

"आणली तर तुलाच आणीन. पण तू घड्या घालायचे पैसे लावशील."

बरणीची गोष्ट त्याने तिला हळूहळू सांगितली. त्याचा धाकटा भाऊ अर्नी एकोणिसाव्या वर्षी आइसलंडच्या उत्तरेला वादळात बोटीवरून वाहून गेला होता. प्रेत चार दिवसांनी किनाऱ्याला लागलं, आणि तिथल्याच एका मासेमारीच्या गावात लोकांनी त्याला पुरलं. तिथं जायला तेव्हा आईकडे पैसे नव्हते. पुढे विल्फ त्या पाण्यात वीस वर्षं मासे धरत हिंडला, लांबून त्या गावाचे दिवे दिसायचे, पण बोट त्या बंदराला कधी लागली नाही.

"एकदा जायचंय," तो म्हणाला. "तिथं उभं राहून, आलो रे बाबा, एवढं म्हणायचंय. अकराशे पौंडांत होतं म्हणतात सगळं."

पहिल्यांदा चूक झाली ती खरोखरच चूक होती. घाईत मोजलेल्या अकरात दोन खोटी गेली. विल्फने मूठ मिटली आणि नाणी कोटाच्या खिशात टाकली. तो गेल्यावर नोरीनच्या लक्षात आलं. ती दाराशी धावलीसुद्धा, पण तो तेव्हा कोपऱ्यावर पोचला होता, काठी टेकत, हळूहळू. हाक मारता आली असती. तिने मारली नाही. त्या शुक्रवारी डब्यात एकही खोटं नाणं उरलं नव्हतं, आणि पगाराचं पाकीट पूर्ण आलं.

दुसऱ्या वेळी चूक नव्हती. विल्फ मशीनला नाणं लावत नव्हता, दुकानात खर्चत नव्हता, परत आणत नव्हता. त्याच्या बरणीत गेलेलं नाणं समुद्रात गेल्यासारखंच होतं. तिसऱ्या महिन्यापासून नोरीन खोटी नाणी मोहरीच्या रिकाम्या डबीत वेगळी ठेवू लागली. कधी दोन, कधी तीन. एखाद्या गुरुवारी तिचं मन खायचं आणि ती अकराच्या अकरा खरी द्यायची. त्याच्या सदऱ्यांची तुटलेली बटणं ती न सांगता लावायची, कॉलर उलटून शिवायची, आणि त्याचे पैसे घ्यायची नाही.

"तू नसतीस तर मी भिकाऱ्यासारखा हिंडलो असतो," विल्फ म्हणायचा.

"पुरे हो," नोरीन म्हणायची आणि पाठ फिरवून ड्रायरचं दार उघडायची.

अशी चार वर्षं गेली.

मग सरकारने बारा कोनांचा नवा पौंड काढला. म्हणे याची नक्कल कुणाला जमणार नाही. गोल पौंड ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालेल, पुढे नाही. क्लाइवची धावपळ उडाली. मागच्या खोलीतली साठलेली सगळी खोटी नाणी त्याने नोरीनच्या पुढ्यात ओतली. "ऑक्टोबरच्या आत संपव. नंतर यांचे नळाचे वॉशरसुद्धा होणार नाहीत."

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी नोरीनने विल्फच्या हातावर नवी नाणी ठेवली. खरोखर मनापासून ठेवली. विल्फने एकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे कसलं कोपऱ्याकोपऱ्याचं?"

"नवा पौंड, विल्फ. आता हाच."

"छे, नटबोल्ट वाटतोय. जुनीच दे गं, अजून चालतात ना? हाताला सवय आहे."

डब्यात जुनी होती ती बहुतेक क्लाइवने ओतलेली. विल्फ तळहात पसरून उभा होता. मागे दोन बायका ताटकळत होत्या. नोरीनने नवी नाणी उचलली आणि जुनी ठेवली. त्या दिवशी अकरांपैकी नऊ खोटी होती.

मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात विल्फने तिला घरी बोलावलं. बँकेला नाणी वीस-वीसच्या पिशव्यांत लागतात, आणि त्याला काही नीट दिसत नाही. दुपारी दुकान अर्धा दिवस बंद होतं, तेव्हा ती गेली. स्वयंपाकघराच्या टेबलावर गोळ्यांच्या तीन मोठ्या काचेच्या बरण्या होत्या. विल्फने चहा केला, चिप्स आणि वाटाण्याचा लगदा आणून ठेवला होता, आणि तिच्यासमोर बसून तो अर्नीबद्दल बोलत राहिला. अर्नीला पोहता येत नव्हतं. ट्रॉलरवर कुणालाच येत नसे. पोहता आलं तर मरायला वेळ लागतो, म्हणायचे.

नोरीनने पहिली बरणी ओतली. तिला एकेक नाणं ओळखू येत होतं. फिकट पिवळी, कडेला बोथट, राणीच्या गालावर फोड आल्यासारखी. धुतलेल्या कपड्यांत दुसऱ्याचा मोजा ओळखावा तशी ती तिला ओळखू येत होती. तिच्या घरी बिस्किटाच्या डब्यात साठेक पौंड होते. धावत जाऊन आणले असते तर साठ तरी बदलता आली असती. की खोटी काढून पर्समध्ये टाकावीत आणि कमी भरली असं सांगावं? पण विल्फने एकेक नाणं टाकताना मोजलेलं होतं. अकराशे चाळीस. त्याच्या डोक्यात तो आकडा पक्का होता.

तिने स्वतःची समजूत घातली. बँकेत पिशव्या नुसत्या वजन करतात. वजन तर जवळपास सारखंच आहे. होईल पार. आणि तिने खरी-खोटी मिसळून वीस-वीसच्या सत्तावन्न पिशव्या भरल्या.

बँकेच्या दारावर कागद चिकटवला होता. ही शाखा जानेवारीत बंद होणार, सर्वांत जवळची आता ब्लॅकपूलला. आत एकच खिडकी उघडी होती. नोरीनने चाकांच्या पिशवीतून नाणी काढून दिली. खिडकीमागची मुलगी विशीतली, चेहरा चांगला. तिने पिशव्या वजनाच्या काट्यावर ठेवल्या नाहीत. एकेक फोडून मशीनमध्ये ओतल्या.

मशीन खडखडलं. मग बाजूच्या खाचेतून एक नाणं बाहेर पडलं. मग आणखी एक. मग पाठोपाठ पडतच राहिली. विल्फने मान वाकडी करून कान दिला.

"काय वाजतंय ते?"

"आजोबा," मुलगी म्हणाली, "यात बनावट नाणी आहेत बरीच. माफ करा हं, पण ती मला ठेवून घ्यावी लागतात. त्यांचे पैसे देता येत नाहीत."

"बरीच म्हणजे?"

मुलीने दोनदा मोजली. "एकशे सत्त्याऐंशी."

विल्फची बोटं खिडकीच्या कडेवर होती, ती तशीच राहिली. "कुठून आली, काही सांगता येईल का?" मुलीने पावती लिहिता लिहिता विचारलं.

नोरीन रिकाम्या पिशव्या गोळा करू लागली. विल्फ बोलला. "कुठून म्हणून सांगू? पौंड काय, हजार हातांतून येतात."

घरी जाताना त्याने तिचा दंड धरला होता. वारा नदीच्या मुखाकडून येत होता. अर्ध्या रस्त्यात तो थांबला.

"पोरी, मी तिथं नाव घेतलं नाही. पण मी नाणी फक्त तुझ्याकडूनच घेतो." नोरीनने चाकांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे तुलाच कुणीतरी गंडवत आलंय इतकी वर्षं. माझी एवढी, तर तुझी किती गेली असतील! त्या क्लाइवला सांग. भरून दे म्हणावं."

"सांगते," नोरीन म्हणाली.

तिने सांगितलं. क्लाइव फोनवर बोट फिरवत होता, त्याने मान वर केली नाही. "म्हाताऱ्याने घरात खजिना कशाला साठवायचा? आणि आता नाण्यांचं नावच काढू नकोस. जानेवारीपासून सगळी मशीनं कार्डावर. फोन टेकवला की झालं. पेट्या नाहीत, पिशव्या नाहीत, खोटं-खरं काही नाही."

"आणि सुट्टे?"

"सुट्टे कशाला लागतील?"

"आणि मी?"

आता त्याने वर बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. निदान त्या क्षणी त्याला कसंनुसं झालं असावं. "डिसेंबरअखेर, नोरीन. काउंटरच काढतोय. तुला एक महिन्याचा पगार जादा देईन."

डिसेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी विल्फ आला. नोरीनने त्याचे कपडे आधीच धुऊन ठेवले होते. पिशवीवर एक पाकीट होतं. त्यात दहाच्या अठरा नोटा, पाचची एक, आणि दोन बाराकोनी पौंड. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. एकच ड्रायर फिरत होता, त्यात कुणाच्यातरी चादरी.

"विल्फ, बसा."

"बसतो कशाला? ट्राम आहे."

"बसा म्हणते ना."

तो बाकावर बसला. नोरीन उभीच राहिली आणि तिने सांगून टाकलं. क्लाइवचं, शुक्रवारचं, पगाराचं, मोहरीच्या डबीचं. रडली नाही. रडलं तर तो आपली समजूत घालील, ही भीती तिला होती.

विल्फ तिच्या कानाकडे बघत ऐकत होता. "किती दिवस?" त्याने विचारलं.

"चार वर्षं."

"दर वेळी?"

"दर वेळी नाही."

"सप्टेंबरात मी जुनी मागितली, तेव्हा?"

"तेव्हा होती. नऊ."

"आणि बटणं लावायचीस, ती त्याचीच भरपाई का?"

नोरीनने पाकीट त्याच्या हातात दिलं. "एकशे सत्त्याऐंशी आहेत. पूर्ण. तुम्ही जा आइसलंडला, विल्फ. तिकीट मी काढून देते माझ्या कार्डावर, फोनवरच निघतं आता."

विल्फने पाकिटातून एक नोट काढली, दोन बोटांत धरून चोळली. नवी नोट, प्लास्टिकची, गुळगुळीत.

"ही खरी आहे की खोटी, ते आता कुणाला विचारू?" तो म्हणाला.

तो रागाने बोलला नाही. खरंच विचारल्यासारखं बोलला. नोट त्याने पाकिटात परत घातली, पाकीट बाकावर ठेवलं, आपली कपड्यांची पिशवी चाचपून उचलली आणि काठी टेकत निघाला. दारातली पायरी त्याच्या लक्षात राहिली नाही, तो अडखळला. नोरीन पुढे झाली, तेव्हा त्याने हात आडवा धरला. पाकीट तिने चिकटवून दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराच्या फटीतून आत टाकलं. आठवड्याने ते टपालाने परत आलं, न उघडलेलं.

जानेवारीत बँक बंद झाली. लाँड्रीत काउंटरच्या जागी आणखी दोन मशीनं आली. विल्फची शेजारीण नोरीनला बाजारात भेटायची. ती सांगायची, की म्हातारा कपडे आता न्हाणीघरातच बडवतो, परसात दोरीवरचं धुणं नीट पिळलेलंही नसतं. पेन्शन काढायला ट्रामने ब्लॅकपूलला जातो, दिवस मोडतो. गावातलं प्रवासाचं ऑफिसही उठलं होतं. शेजारीण म्हणाली होती, आजोबा, मी काढते तिकीट, तुमचा कार्डाचा नंबर द्या. तर तो म्हणाला, कुणाला काही द्यायचं नाही. बँकेने खात्यात टाकलेले ते नऊशे त्रेपन्न पौंड तसेच पडून होते. त्याला एकट्याला ते वापरता येत नव्हते, आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचे नव्हते.

नोरीनला समुद्राकाठच्या कॅराव्हॅनच्या वसाहतीत सफाईचं काम मिळालं. पगार थेट खात्यात. महिनामहिना तिच्या हाताला एकसुद्धा नाणं लागायचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात, एका शनिवारी, ती काम आटपून धक्क्याजवळच्या नव्या चहाच्या दुकानात शिरली. तिच्यापुढे विल्फ उभा होता. खूप खंगला होता, कोटाची बटणं वरखाली लागली होती. काउंटरवरची मुलगी त्याला सांगत होती, "रोख घेत नाही आम्ही, आजोबा. कार्ड आहे का?"

"दोन पौंड चाळीस ना? हे घ्या. तीन आहेत, वरचे ठेवा." त्याने तळहात पसरला होता. तीन नाणी होती, नवी, बाराकोनी, अगदी खरी.

"मला घेताच येत नाहीत हो. पेटीच नाहीये आमच्याकडे."

रांगेत मागे पाच-सहा माणसं होती. कुणीतरी सुस्कारा टाकला. विल्फ तळहात तसाच पसरून उभा राहिला. मुलगीही लाल झाली होती, तिचा काय दोष.

नोरीन पुढे झाली. "यांचा माझ्यात धर," ती हळूच म्हणाली आणि कार्ड टेकवलं. मशीनने टुक केलं. मुलीने हायसं वाटून कप पुढे सरकवला.

विल्फची मान वळली. आवाज त्याने ओळखला होता. क्षणभर नोरीनला वाटलं, तो काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्याने मूठ मिटली, नाणी खिशात टाकली, चहाला हात न लावता वळला आणि लोकांच्या खांद्यांना चाचपत बाहेर पडला.

"याचं काय करू?" मुलीने विचारलं.

"ओतून टाक," नोरीन म्हणाली. मग तिने स्वतःचा चहा मागितला, खिडकीशी बसून तो पूर्ण प्यायली, कारण बाहेर थंडी फार होती आणि ट्रामला अजून वीस मिनिटं होती. पुढच्याच वसंतात विल्फला प्रेस्टनकडच्या कुठल्याशा वृद्धाश्रमात हलवलं, असं शेजारणीने सांगितलं. पत्ता तिलाही माहीत नव्हता.